गालाखालचं बटण

आमच्या दादांना, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांना, हौस दांडगी. भेटायला येताना ते कधी रिकाम्या हाताने येत नाहीत, आणि आणलेल्या वस्तूचं खोकं दुसऱ्या कुणाला उघडू देत नाहीत. त्या सकाळी त्यांनी बाबांसाठी कॅमेरा आणला. फोटो काढायचा नव्हे, डोळ्यांच्या हालचालीवर कम्प्युटर चालवायचा.

बाबा म्हणजे माझे सासरे. नसांच्या आजारात त्यांचे हात गेले, पाय गेले, मग जीभ गेली. हलता येत नव्हतं, पण कळत सगळं होतं. पायावर डास बसला तरी कळायचा. शेवटी ताब्यात उरला तो उजवा गाल. त्या गालाखाली आम्ही एक बटण बसवलं होतं आणि त्याची वायर लॅपटॉपच्या यूएसबीत खोचली होती. पडद्यावर अक्षरांवरून एक पिवळी चौकट फिरायची, हवं ते अक्षर आलं की बाबा गाल दाबायचे. एक वाक्य होईपर्यंत चहा निवायचा, पण वाक्य अस्सल बाबांचं असायचं. माझ्या नवऱ्याने एकदा त्यांची दाढी केली, तेव्हा त्यांनी एकेक अक्षर वेचून लिहिलं होतं, "बकरी सोलतोयस का?"

त्याच संध्याकाळी डॉक्टर बाई येणार होत्या. बाबांचा श्वास कमी पडत चालला होता. गळ्याला भोक पाडून श्वासाचं मशीन कायमचं लावायचं की नाही, हे ठरवायचं होतं. लावलं तर काही वर्षं मिळणार होती, नाही लावलं तर काही आठवडे. डॉक्टर बाईंची अट एकच होती. उत्तर बाबांनी स्वतः द्यायचं, मुलांनी नाही. मी आदल्या आठवड्यात बाबांना विचारलं होतं. त्यांनी लिहिलं, "बोलता येतंय तोवर मशीन चालेल. नुसतं पडून राहायला नको." ते वाचून दादांना हुरूप आला. बाबांना आणखी भरभर बोलता यावं म्हणून तर तो कॅमेरा. त्यांच्या मनात खोट नव्हती, हे मी आजही सांगते.

मी शेजारच्या खोलीत कामाला बसले होते. माझं काम म्हणजे दिवसभर फोनवर लोकांच्या कम्प्युटरची दुखणी ऐकायची आणि "एकदा बंद करून चालू करा" म्हणायचं. जेवायला उठले तेव्हा बाबांच्या खोलीत वायरींचं जंगल झालं होतं. कॅमेऱ्याला वीज जास्त लागते म्हणून वेगळा अडॅप्टर होता, त्याची वायर पलंगावरून भिंतीपर्यंत गेलेली. पडद्यावर एक लाल ठिपका कोपऱ्याकोपऱ्यात उड्या मारत होता.

"जुळणी चाललीय आपोआप," दादा म्हणाले. "बाबांचे डोळे शिकतोय तो. बघ कसा पळतोय!"

ठिपका मध्येच थांबायचा आणि पुन्हा पहिल्या कोपऱ्यातून सुरू व्हायचा. नवरा हसून म्हणाला, "ढ विद्यार्थी दिसतोय." मीही दारात उभी राहून हसले आणि पानं घ्यायला गेले.

दुपार उतरली तरी जुळणी होईना. बाबांच्या पापण्या आताशा आपोआप गळायच्या, कॅमेऱ्याला डोळे सापडायचेच नाहीत. शेवटी दादांनी लॅपटॉपमधून कॅमेरा उपटला आणि जुनं बटण चालू करायला गेले. पिवळी चौकट आली, पण गाल दाबला तरी थांबेना. कोपऱ्यात पाटी झळकली : हे उपकरण ओळखता आलं नाही.

मग दोघा भावांची जुंपली.

"बाबा, मशीन लावायचं ना? हो असेल तर डोळे मिटा," दादा म्हणाले. पापण्या गळल्या. "मिटले! बघितलंस?"

"अरे, ते थकलेत. काहीही विचार, ते डोळे मिटणारच," माझा नवरा म्हणाला. "बाबा, हे सगळं नकोय ना तुम्हाला?" पापण्या पुन्हा गळल्या. "हे बघ!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाबा जन्मभर क्रेनवर होते. खालून इशारा करणारा माणूस एकच असला पाहिजे, दोघांनी हात हलवले तर माल जिथल्या तिथे ठेवायचा, हा त्यांच्या कामाचा नियम. जेवणाच्या टेबलावर आम्ही तो शंभरदा ऐकला होता. आणि त्यांचेच दोन मुलगे त्यांच्या उशाशी चार हात हलवत होते.

"दोघेही बाहेर बसा," मी म्हणाले. "दादा, तुम्हीसुद्धा."

मी लॅपटॉप मांडीवर घेतला. बटणाची वायर काढून दुसऱ्या खाचेत लावली. तीच पाटी. बटण धड होतं, भांडण ड्रायव्हरचं होतं. ड्रायव्हर म्हणजे बाहेरून जोडलेली वस्तू काय आहे, हे कम्प्युटरला सांगणारा छोटा प्रोग्राम. कॅमेऱ्याने स्वतःचा ड्रायव्हर आणला होता, आणि त्याने बटणाच्या जुन्या ड्रायव्हरला हुसकावून जागा बळकावली होती. पण बळकावून तो बटणाचं करत काय होता, ते बघायला मी कॅमेरा परत जोडला आणि त्याची सेटिंग उघडली. तिथे बटणापुढे लिहिलं होतं : जुळणी पहिल्यापासून सुरू करा.

मी बाबांच्या गालाखालून बटण काढलं आणि अंगठ्याने दाबलं. लाल ठिपका टुणकन पहिल्या कोपऱ्यात गेला. पुन्हा दाबलं. पुन्हा गेला.

ठिपका आपोआप पहिल्या कोपऱ्यात परतत नव्हता. ती प्रत्येक उडी बाबांची होती. आम्ही हसत होतो तेव्हा बाबा जिवाच्या आकांताने गाल दाबत होते आणि आम्हाला हाका मारत होते.

"थांबा बाबा," मी म्हणाले. "कळलं मला. आत्ता देते."

काम पाठ होतं. इंटरनेट बंद केलं, नाही तर लॅपटॉप काढलेला ड्रायव्हर परत ओढून आणतो. कॅमेरा उपटला. न दिसणारी उपकरणंही यादीत उघडी केली, कॅमेऱ्याचा ड्रायव्हर फाईलींसकट पुसला, लॅपटॉप बंद करून चालू केला आणि बटण त्याच्या जुन्या खाचेत लावलं. टिंग असा आवाज आला. बटण गालाखाली ठेवलं. चौकट फिरू लागली, आणि "प" वर थांबली.

मग काना. मग "य".

पाय.

मी चादर ओढली. कॅमेऱ्याचा अडॅप्टर सरकून डाव्या पोटरीखाली गेला होता, भिंतीतल्या प्लगला अजून तसाच जोडलेला. हात लावला तर चटका बसला. उचलला तेव्हा पोटरीची कातडी त्याच्याबरोबर सुटून आली.

मी किंचाळले असणार, कारण दोघे धावत आत आले. दादांनी पाय बघितला, अडॅप्टर बघितला, आणि भिंतीला टेकून खाली बसले. "मी ठेवला होता तो," ते म्हणाले. "चादरीवर ठेवला होता. वर ठेवला होता गं." मला बोलायचं होतं, घाणेरडं बोलायचं होतं, पण त्या दारात मीही हसले होते.

डॉक्टर बाई आल्या त्या आधी पायाकडेच वळल्या. जखम धुतली, पट्टी बांधली. धुताना बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहऱ्यावरची एक रेष हलत नव्हती. मग हात पुसून त्यांनी खुर्ची उशाशी ओढली.

"बाबा, हा प्रश्न आज नको असेल तर मी उद्या येते."

चौकट फिरली. "आजच."

"श्वासाचं मशीन लावायचं का?"

आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो. मला वाटलं, आता "हो" येईल. पण अक्षरं वेगळीच उमटू लागली. "हे परत बंद पडेल का".

"नाही पडणार, बाबा!" दादा खालूनच म्हणाले. "मी हातसुद्धा लावणार नाही. शपथ. सांग ना गं त्यांना."

चौकट अजून फिरत होती. "पोरी, तू एकटी सांग."

फोनवर हा प्रश्न मला रोज कुणी ना कुणी विचारतं. मी म्हणते, "आता काही त्रास होणार नाही, निश्चिंत राहा," आणि फोन ठेवते. ओठांवर तेच आलं होतं. तेवढं बोलले असते तर बाबा जगले असते. नवरा माझ्याकडे बघत होता. दादा हात जोडून बसले होते.

"पडू शकतं, बाबा," मी म्हणाले. "मी आटोकाट जपेन. पण पडू शकतं. आणि पुढे कधीतरी गालही थकेल."

दादा रडायला लागले. चौकट "न" वर थांबली, मग पुढे गेली. "नको."

डॉक्टर बाईंनी पुन्हा एकदा विचारलं, शब्द बदलून. पुन्हा तेच आलं. त्यांनी मान हलवली आणि बाबांच्या कपाळावर हात ठेवला.

मला वाटलं, झालं. मी लॅपटॉप बाजूला घ्यायला गेले, पण बाबांचा गाल अजून दाबत होता. त्यांनी लिहिलं, "दादाला उठव. फरशी गार आहे."

मी दादांच्या दंडाला धरून त्यांना उठवलं आणि बाबांच्या उशाशी खुर्चीत बसवलं.