गुरुवारचं बाकडं

रोगराईविरुद्धच्या युद्धात मानवजात आज विजयाच्या उंबरठ्यावर उभी आहे, असं संचालकबाई म्हणाल्या, आणि शेवटच्या रांगेत कुणीतरी सणसणीत शिंकलं.

सभागृह साथीच्या रोगांच्या तज्ज्ञांनी भरलेलं. सगळ्यांनी एकदम श्वास रोखला, एकदम माना वळवल्या आणि शिंकणारा कोण ते दिसताच एकदम श्वास सोडला. कोरेकाका होते. कोरेकाकांची शिंक म्हणजे खुर्ची सरकल्याचा आवाज. ती कुणी मनावर घेत नसे. संचालकबाईंनी मानवजातीला पुन्हा उंबरठ्यावर उभं केलं आणि भाषण पुढे चालू ठेवलं.

कोरे हे काकांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगारपत्रकावर होतं आणि तिथं ते सुखात होतं. हे नाव त्यांना पट्टीनं दिलं.

संस्था झटपट तपासणीच्या पट्ट्या तयार करी. सध्या काम चाललं होतं ते श्वासातून पसरणाऱ्या तापाच्या पट्टीवर. नाकात काडी फिरवायची, ती पाण्यात ढवळायची, त्यातले थेंब पट्टीवर सोडायचे आणि पंधरा मिनिटं गप्प बसायचं. एक रेघ उमटली तर पट्टी ठीक, माणूसही ठीक. दोन उमटल्या तर पट्टी ठीक, माणूस आजारी. एकही उमटली नाही तर माणूस कसाही असो, पट्टी आजारी. काका या पट्टीच्या जन्मापासून तिच्याबरोबर होते. थेंब कागदावरून किती वेगानं चालावा, हा त्यांचा विषय. आयुष्यभर त्यांनी थेंबांना चालायला शिकवलं होतं.

पट्टी पारखायला आजाऱ्यांचे आणि निरोग्यांचे ढीगभर नमुने लागतात, ते रीतसर असायचेच. पण सगळं झाल्यावर शेवटची पट्टी कोरेकाकांची, असा संस्थेचा रिवाज होता. फार पूर्वी एकदा खात्रीचा निरोगी माणूस तातडीनं हवा होता. तेव्हा कागदतज्ज्ञ म्हणाल्या होत्या, "ज्याला कुणी म्हणजे कुणी भेटत नाही, असा माणूस शोधा." सगळ्यांनी एकाच दिशेला पाहिलं. संस्थेत एकमतानं झालेली ती पहिली निवड, आणि माझ्या माहितीप्रमाणे शेवटचीही.

तेव्हापासून काकांची दुसरी रेघ कधी उमटली नाही. साथी आल्या, साथी गेल्या, संस्थेतले अर्धे लोक अंथरुणाला खिळले, पण काकांची पट्टी कोरीच. नवीन आलेली मंडळी त्यांच्याकडे आदरानं बघत आणि जेवायला दुसऱ्या टेबलावर बसत.

घरीही फारशी गर्दी नव्हती. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी लग्न करून दूर गेली होती. ती रविवारी फोन करी आणि "जेवलात का?" विचारून, उत्तर यायच्या आत, "मग ठीक" म्हणे. दुधाची पिशवी सकाळी दाराच्या कडीला लटकलेली असे, पण ती लटकवणारा हात काकांनी कधी पाहिला नव्हता. चहा झाला की ते दोन कप धूत. एक प्यायलेला आणि एक न प्यायलेला. दुसऱ्यावर धूळ बसते, असं त्यांचं म्हणणं. कुणी विचारलं असतं तर त्यांनी ते सांगितलंही असतं.

तर त्या दिवशी भाषण संपलं आणि पट्टीला मंजुरी देणारी समिती प्रयोगशाळेत आली. अध्यक्ष गंभीर होते. समितीचा चहा अजून यायचा होता. नमुन्यांवर नमुने झाले आणि पट्टीनं एकही चूक केली नाही. आजाऱ्याला आजारी म्हणाली, निरोग्याला निरोगी. एवढा स्पष्टपणा समितीतही कुणाकडे नव्हता. शेवटी संचालकबाई हसून म्हणाल्या, "आणि आता आमची परंपरा. या, कोरेकाका."

काकांनी सवयीनं मान मागे टाकली. काडी फिरली, थेंब पडले, पंधरा मिनिटं झाली.

दोन रेघा.

दुसरी पुसट होती, गुलाबीसर. चुकून भलत्याच घरात शिरलेल्या पाहुण्यासारखी अंग चोरून उभी होती. पण होती.

"रेघेची शाई उतावळी आहे," कागदतज्ज्ञ ताबडतोब म्हणाल्या.

"शाईचं काय घेऊन बसलात? कागदच अधाशी आहे," शाईतज्ज्ञ म्हणाला. "दिसेल ते धरून ठेवतो."

"माझा कागद? तुमची शाई मागच्या महिन्यात बाटलीतच गोठली होती, विसरलात?"

"भांडू नका. दुसरा खोका फोडा," संचालकबाई म्हणाल्या.

दुसरा खोका फोडला. पुन्हा दोन रेघा. तिसरा फोडला. आता दुसरी रेघ जरा धीट झाली होती.

"काका स्वतःच आजारी असतील," शाईतज्ज्ञ म्हणाला. त्यावर खोलीभर हशा पिकला. "अहो, संसर्ग व्हायला आधी कुणी भेटायला तर हवं!" कागदतज्ज्ञ डोळे पुसत म्हणाल्या. हसणाऱ्यांत काकाही होते. आपल्यावरच्या विनोदाला आपण सगळ्यांत आधी हसावं, म्हणजे तो लवकर संपतो, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं.

समितीचे अध्यक्ष मात्र हसले नाहीत. "धडधाकट माणसाला आजारी ठरवणारी पट्टी लोकांच्या हातात देता येणार नाही. चहानंतर निर्णय लिहितो." त्यांच्या आवाजावरून निर्णय लिहून झालेला होता, फक्त चहा बाकी होता.

जगातले एवढे शहाणे एका खोलीत जमले होते आणि सगळ्यांनी कागद तपासला, शाई तपासली, खोक्यावरची तारीख तपासली. माणूस तपासावा असं कुणाच्या मनात आलं नाही. शेजारच्याच इमारतीत मोठं यंत्र होतं. ते संध्याकाळपर्यंत बिनचूक सांगतं. पण ते लोकांच्या नमुन्यांसाठी. काका लोकांत मोडत नव्हते, ते उपकरणांत मोडत होते.

सगळे चहाला गेले. काका पट्टीसमोर एकटेच बसून राहिले. कालपासून त्यांचा घसा खवखवत होता. परवा गुरुवारी जरा जास्तच बोललो, घशाला सवय नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. ती आता पुरेनाशी झाली.

दर गुरुवारी दुपारी काका अर्धी रजा घेत. कुठं जाता, असं संस्थेत कुणी कधी विचारलं नव्हतं. ते पलीकडच्या रस्त्यावरच्या तापाच्या दवाखान्यात जात आणि बाकड्यावर बसत. पहिल्यांदा गेले ते कामासाठीच. लोकांना निकालाची वाट किती बघावी लागते, हे डोळ्यांनी बघायला. नमुना सकाळी जायचा आणि निकाल संध्याकाळी यायचा. तोवर माणसं बाकड्यांवर ताटकळत. आणि ताटकळणारी माणसं बोलतात. काकांना हा शोध नवीन होता. पुढच्या गुरुवारी ते तो पडताळून बघायला गेले. मग पडताळतच राहिले.

तिथं घड्याळजी भेटले. घड्याळं दुरुस्त करायचे, दुकान गुरुवारी बंद. अधूनमधून खोकला येतो म्हणून येतो, असं म्हणायचे, पण काकांनी त्यांना कधी खोकताना पाहिलं नव्हतं. विचारलंही नव्हतं. बाकड्याची म्हणून एक सभ्यता असते. स्वतःबद्दल काकांनी "कागदाच्या धंद्यात आहे" एवढंच सांगितलं होतं. घड्याळजींना ऐकू कमी यायचं. समोरच्याचे ओठ बघून ते बोलणं ओळखत.

"काय हो कागदवाले, आजपण उशीर!" घड्याळजी म्हणत. "हे संशोधक की कोण, काय करतात हो दिवसभर? एक ताप आहे की नाही ते सांगायला सकाळची संध्याकाळ!"

"फुकटखाऊ आहेत," काका म्हणत.

"एकेकाला माझ्या दुकानात बसवला पाहिजे. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की कळतं."

"कामाची लाज नाही," काका म्हणत. त्यांच्या आठवड्यातलं हे सगळ्यांत मोठं संभाषण असे, आणि ते मनापासून असे.

परवाच घड्याळजींनी समोर बोट दाखवलं होतं. "माझं सोडा, मला वेळच वेळ. घरी जाऊन तरी काय, भिंतीवरची घड्याळंच बघायची. पण ती बाई बघा. मांडीवर तापलेलं पोर आणि सकाळपासून बसलीय. तिला कुणीतरी लवकर सांगायला नको?"

"सांगायला हवं," काका म्हणाले होते. मास्क हनुवटीवर ओढून, ओठ नीट दिसतील असं.

आता ते सगळं डोळ्यांसमोर आलं. पट्टी नापास झाली तर निकाल संध्याकाळीच येत राहणार आणि गुरुवार शाबूत राहणार. पट्टी पास झाली तर निकाल पंधरा मिनिटांत. पंधरा मिनिटांत घड्याळजींची पहिली तक्रारसुद्धा संपत नाही. शिवाय पट्टी पास व्हायची तर सगळ्या तज्ज्ञांसमोर सांगावं लागणार की, आपल्याला काही होत नसताना आपण रोग्यांच्या रांगेत जाऊन बसतो, गप्पांसाठी. काकांनी पुन्हा पट्टीकडे पाहिलं. त्यांनी चालायला शिकवलेला थेंब बरोबर जागी पोचला होता आणि खरं तेच सांगत होता. लबाडी करायचीच तर ती पट्टी करणार नव्हती, आपल्यालाच करावी लागणार होती.

ते उठले, मास्क लावला आणि चहाच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"मॅडम, माझा नमुना मोठ्या यंत्रावर लावा."

"कशाला हो, काका?"

"पट्टी चांगली आहे. मी आजारी आहे."

"तुम्ही?" शाईतज्ज्ञाचं बिस्कीट चहात पडलं. "कुणापासून?"

उतारवयातल्या मावशीनं लग्न ठरल्याची बातमी दिल्यावर घरचे ज्या सुरात "कुणाशी?" विचारतील, त्या सुरात त्यानं हे विचारलं.

"एका मित्रापासून," काका म्हणाले.

अध्यक्षांनी खिशातून पेन काढलं.

"नाव काय मित्राचं?" अध्यक्षांनी विचारलं.

"ते विचारायचं राहिलंय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दवाखाना, बाकडं, गुरुवार. फार लांबवलं नाही. संचालकबाईंनी कप खाली ठेवला. "तापाच्या दवाखान्यात तुम्ही मास्क काढून बसलात? तुम्ही, काका?"

"त्यांना ऐकू येत नाही, मॅडम. ओठ बघावे लागतात."

"पण एवढं बोलायचं काय असतं?"

"निकाल उशिरा येतात, याबद्दल."

कागदतज्ज्ञांना जवळ जाऊन काकांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला असावा, कारण त्या अर्धवट उठल्या. मग त्यांना संसर्ग आठवला आणि त्यांनी खुर्ची दोन हात मागे घेतली. पाठोपाठ सगळ्या खुर्च्या सरकल्या. संस्थेतलं हे दुसरं एकमत.

संध्याकाळी मोठ्या यंत्राचा निकाल आला. काका आजारी होते. पट्टी खरी ठरली, नुसती खरी नव्हे तर कमालीची तल्लख, इतका थोडा संसर्ग तिनं ओळखला, असं अध्यक्षांनी लिहिलं. मंजुरी मिळाली. टाळ्या वाजल्या. काकांना मागच्या दारानं घरी पाठवलं आणि सांगितलं, बरे होईपर्यंत एकटं राहा. हे कसं करायचं, ते मात्र त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

घरी ते पडून राहिले. ताप चढला, उतरला, पुन्हा चढला. रविवारी मुलीचा फोन आला. "जेवलात का?" काका म्हणाले, "ताप आहे." पलीकडे ती नेहमीप्रमाणे "मग ठीक" म्हणाली आणि मग थांबली. "काय म्हणालात?" त्या दिवशी ती बराच वेळ बोलली. आजाराचे काही फायदे असतात, ते पुस्तकात दिलेले नसतात.

दुसऱ्या दिवशी संचालकबाईंचा फोन.

"काका, कशी आहे तब्येत? बरं, तुमचे ते घड्याळजी सापडले. त्यांनाही ताप होता, आता उतरलाय. आमच्या माणसाला म्हणाले, कागदवाल्यांना सांगा, ते संशोधक अजून झोपलेलेच आहेत."

काका हसले. खोकला येईपर्यंत हसले.

"आणि खरी बातमी ऐका. पट्टीची पहिली खेप कुठं जातेय माहितेय? तुमच्याच त्या दवाखान्यात! काका, हे ऐतिहासिक आहे. तिथं आता कुणालाही दिवसभर बसून राहावं लागणार नाही. मी भाषणात तुमचा उल्लेख करणार आहे. आणि हो, पुढच्या आजाराच्या पट्टीचं काम लगेच सुरू होतंय, तेव्हा बरे झालात की पुन्हा पहिल्यासारखे कोरे व्हा. तोवर कुणाला भेटू नका, काय?"

"बघतो," काका म्हणाले.

"तुम्हाला काही हवंय का? मोकळेपणानं सांगा. आज संस्था तुम्हाला काहीही देईल."

काकांनी विचार केला. ओट्यावर दोन कप पालथे पडले होते.

"मॅडम, पट्टीलाही पंधरा मिनिटं लागतातच ना?"

"लागतात की."

"मग त्या दवाखान्यातल्या लोकांना सांगाल का," काका म्हणाले, "की ते बाकडं तेवढं काढू नका."