फळीवरची सात पावले

मित्रांनो, आधी हसून घ्या, मग सांगते. मी एक म्हातारी गाढवी आहे. शाळेत गुरुजी तुम्हाला माझ्या नावाने हाक मारत असतील, तर त्यात माझा काही दोष नाही.

माझा जन्म शेतावरचा. भाजीच्या टोपल्या वाहता वाहता वय झाले, तेव्हा मालकाने मला एका केंद्राला देऊन टाकले. ज्या मुलांचे हातपाय नीट चालत नाहीत, ती तिथे व्यायामाला येत. तिथल्या ताईंनी मला दोन महिने नुसते उभे राहायला शिकवले. मूल अंगावर रेलले तरी हलायचे नाही, कानाशी किंचाळले तरी बिचकायचे नाही. माझा दोर कोणी ओढायचा नाही, हा त्यांचा नियम. मूल माझ्या मानेवर हात ठेवून चाले, मी त्याच्या चालीने चाले. ते थांबले की मीही थांबे.

तिथे मला हळूबाई भेटली. आठ वर्षांची, दोन्ही पाय लटपटणारी. हे नाव तिने स्वतःच घेतले होते, म्हणजे दुसऱ्यांना चिडवायची सोयच उरली नाही. पहिल्या दिवशी तिने माझी आयाळ अशी घट्ट धरली की माझ्या डोळ्यांत पाणी आले. वर्षभराने तिचा एकच हात मानेवर असायचा, तोही हलका. तिची आई म्हणायची, "घरात कुणाचं ऐकत नाही, आणि हिच्याबरोबर बघा कशी गुण्यागोविंदाने चालते."

मग केंद्रात नवे साहेब आले. त्यांनी अंगणात गुळगुळीत फरशी बसवली, चालण्याचे यंत्र आणले. माझ्या खुरांचे ओरखडे फरशीवर उठू लागले. "हिला वीटभट्टीवर पाठवून द्या," साहेब म्हणाले.

एका सकाळी टेम्पो आला. त्याला मागे लाकडी फळी लावली होती. दोघांनी माझा दोर ओढला. मी पाय रोवून उभी राहिले. तेव्हा ताई आत जाऊन हळूबाईला घेऊन आल्या. "आज आपण चढ चढायला शिकू या हं," त्या तिला म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी बघितले नाही.

हळूबाई आजवर कधी चढ चढली नव्हती. तिने माझ्या मानेवर हात ठेवला आणि मी निमूट निघाले. सात पावले. वर पोचल्यावर ती धापा टाकत हसली. "म्हातारे, जमलं की गं आपल्याला. उद्या परत चढू." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी तिला उचलून खाली घेतले. मागून कडी लागली. "ताई, दार का लावलं?" एवढेच मला ऐकू आले.

आता मी विटा वाहते. कष्टाचे मला दुःख नाही, ते माझ्या पाचवीलाच पुजलेले. म्हातारपणी पाठवून दिले, तेही समजू शकते. पण तिच्या हाताने? केसाने गळा कापणे म्हणतात ते हेच.

मित्रांनो, मुका प्राणी ज्या हातावर विश्वास ठेवतो, त्या हाताने त्याला फसवू नका. आणि माझे एक काम करा. हळूबाई कुठे भेटली तर सांगा, मी तिच्यावर रागावलेली नाही. तिलाही त्यांनी फसवलेच होते. ती अजून चालते, की त्या दिवसापासून तिने पाऊलच टाकले नाही, एवढे मला येऊन सांगा.