मूठभर शेवाळ

अंजनीने काथ्या पुन्हा राखेत बुडवला आणि समुद्राचं शेवाळ घासायला घेतलं. विहिरीचं गार पाणी ओतलं तरी शेवाळ हातातून निसटत होतं.

"बुळबुळ गेली न्हाय अजून," सासू बायाक्का म्हणाली. "वास बी तसाच. लोक म्हणतील, शहापुरात आता मागावर मासळी विणत्यात."

लढाईमुळे तांदूळ रेशनवर गेला होता. पोटाला पुरेना, तिथे सूत ताठ करायच्या खळीला कुठून आणणार? खळ नाही म्हणून उभ्या सुताचा ताणा नाही आणि ताणा नाही म्हणून माग गप्प. शेवाळ शिजवलं की चांगली चिकट खळ होते, हे अंजनीनेच नवऱ्याला सुचवलं होतं. वेंगुर्ल्याहून तिच्या वडिलांनी ओलं पोतं पाठवलं. या घरात आल्यापासून तिने आपण होऊन सुचवलेली ही पहिलीच गोष्ट. तेव्हा परीक्षा शेवाळाची नव्हती, तिची होती.

शिजवायच्या आधी शेवाळाला गोडं पाणी लावायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. पण 'आमच्याकडे' या शब्दाने सुरू होणारी वाक्यं तिने केव्हाच सोडून दिली होती. नवी असताना ती 'माका' म्हणायची. बायाक्का आवाज न चढवता म्हणायची, "माका न्हवं, मला." बाई दुष्ट मुळीच नव्हती. सूत असो की सून, तिला सगळं सरळ लागायचं. अंजनी मुकाट्याने घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी घंगाळातलं शेवाळ लिबलिबीत होऊन कुजलं. शेजारणींनी नाकाला पदर लावले. नवरा केदारी रिकाम्या मागाकडे बघत बसला. तिला तेच फार लागलं.

संध्याकाळी धाकटा दीर परशराम आला. तो लष्कराच्या कॅम्पातल्या दवाखान्यात तपासणीच्या काचा धुवायचा. पोतं आलं त्याच दिवशी त्याने थोडं शेवाळ तिथल्या डॉक्टरांना दाखवायला नेलं होतं.

"वैनी, तिथलं अजून ताजं हाय. डॉक्टरांनी भिंगाखाली बघितलं. त्या बुळबुळीत जंतूंची अख्खी वस्ती हाय म्हणं!"

"जंतू? मग घासलं ते बरंच झालं," बायाक्का म्हणाली.

"न्हाय गं आई. ते तिथलेच. त्यांनी जागा धरली की कुजवणारे आत शिरत न्हाईत, असं डॉक्टरांना वाटतंय. आपण राखणदारच हाकलले."

बायाक्काने घंगाळावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "घासाया मीच लावलं."

अंजनी उठून आत गेली. ट्रंकेमागून तिने एक गाडगं काढलं. ओल्या गोणपाटात मूठभर शेवाळ होतं, न घासलेलं. ते घेऊन ती बाहेर आली. चोरीच होती ती, आपल्याच माहेरच्या मालाची.

बायाक्काने ते अंगठ्याने चोळून पाहिलं, नाकाशी नेलं. ताजं होतं.

"ह्ये कशाला ठेवलंतंस?"

"वासाला," अंजनी म्हणाली आणि तिला रडू आलं.

कुणीच हसलं नाही. बायाक्काने गोणपाट पुन्हा नीट झाकलं.

"हातभर ताण्याला पुरंल की. जमलं तर तुझ्या वडलांस्नी दुसरं पोतं धाडाया सांगू." ती चुलीपुढे बसली. "सांग. तुमच्याकडं कसं करत्यात?"

"आधी पाणी उकळत्यात..." अंजनी थांबली. डोळे पुसून तिने पहिल्यापासून सुरुवात केली. "आमी तेका आधी धुवणव नाय. शिजवच्या येळारच धुतव. माका ठावक होता."

केदारीने चटकन आईकडे पाहिलं.

बायाक्का चूल फुंकत होती. धुरातून मान वर न करता ती म्हणाली,

"बरं. मग?"