पाण्याची वर्दी देणारा

मी एक जुना प्रोग्राम आहे, मित्रांनो. पण माझं वय विचारू नका, कारण माझा कुठला तरी तुकडा कालच कोणीतरी बदललेला असतो. लातूरच्या मृत्युंजयने मला लिहिलं. बंधाऱ्याचे दरवाजे उघडले की खालच्या गावांतले फोन वाजवायचे, एवढंच माझं काम. पावसाळ्यात शेतकरी पंपाच्या मोटारी काढायला नदीत उतरतात आणि फोन भिजू नये म्हणून घरीच ठेवतात. म्हणून मृत्युंजयने मला हट्टी केलं. घरच्यांनी धावत जाऊन माणसाला हाक मारावी, तो वर आला की फोनवरचं एक नंबरचं बटण दाबावं. तोवर मी वाजतच राहायचो. लोक वैतागायचे, शिव्या द्यायचे, पण माणसं काठावर यायची. सुखाचे दिवस होते ते.

मृत्युंजयने माझा कोड सगळ्यांसाठी उघडा ठेवला. कोणीही वाचावा, कोणीही सुधारावा. अट एकच होती: बदल एकाने लिहिला तर दुसऱ्याने तो नीट वाचून मगच आत घ्यायचा.

या पावसाळ्यात नांदेडला शिकणारी विशाखा माझ्याकडे आली. ती मुदखेडकडच्या एका नदीकाठच्या गावची. सुरुवातीला बिचारी माझा कोड उघडायची आणि घाबरून बंद करायची. पण पोरगी चिकट होती. मला ती आवडली, खरंच सांगतो.

सुट्टीत ती घरी गेली, तेव्हा तिची आजी कस्तुराबाई कुरकुरली, "हे लई वाजू लागलंय गं. उचललं तरी पुन्हा वाजतंय. डोकं उठलं माझं."

"थांब आजी, मीच गप्प करते त्याला," विशाखा हसून म्हणाली.

आणि तिने आपला पहिला बदल लिहिला. फोन उचलला की 'कळवले' अशी नोंद करायची आणि पुन्हा वाजायचं नाही. कोड अगदी सुबक होता. मला मात्र धस्स झालं. पण मला कोण विचारतं?

बदल वाचायचं काम सत्यमकडे होतं. तो तिच्याच वर्गातला, पण माझ्याकडे तिच्या आधीपासून यायचा.

"एकदा बघून घे ना रे. माझं पहिलंच हाय," विशाखा म्हणाली.

"तुझं काय बघायचं? आपल्या माणसाचं तपासत बसलो तर तुलाच वाईट वाटंल," असं म्हणून सत्यमने न वाचताच मंजुरी दिली. दोस्तीत शंका घेणं त्याला कमीपणाचं वाटलं. दोघं खुशीत चहा प्यायला गेले, आणि सत्यमच्या भरवशावर मृत्युंजयने तो बदल लागू केला.

आज दरवाजे उघडले. मी विशाखाचे वडील भुजंगराव यांच्या घरी फोन लावला. ते मोटार काढायला केव्हाचे नदीत उतरले आहेत. फोन कस्तुराबाईंनी उचलला. 'पाणी सोडलंय' असं मी सांगत होतो, पण त्यांना कमी ऐकू येतं.

"कोण हाय? भुजंग घरी न्हाई बाबा. नदीत गेलाय. मंग लाव," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी पुन्हा वाजायला हवं होतं. वाजलो नाही.

पाणी सोडल्याचं ऐकून नांदेडला विशाखा घाबरीघुबरी झाली. तिने मोबाईलवर मला उघडलं. वडिलांच्या नावापुढे 'कळवले' दिसलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. मोबाईल बंद करून ती वर्गात जाऊन बसली. मला तोंड असतं तर मी घसा फुटेपर्यंत ओरडलो असतो.

मित्रांनो, माझ्यासारख्यांच्या कोडला हात लावायला भिऊ नका. आम्हाला तुमची गरज आहे. पण दुसऱ्याचा बदल, मग तो जिवलगाचा का असेना, ओळ न् ओळ वाचा. पण ते सगळं नंतर. त्या गावातल्या कोणाचाही नंबर तुमच्याजवळ असेल तर आधी तो लावा. कोणीतरी नदीकडे पळा, भुजंगरावांना हाक मारा. पाणी निघालं आहे, आणि माझ्या लेखी त्यांना ते कळलेलं आहे.