आठ संघांत सातव्या

मी एका महाविद्यालयाच्या मैदानावरची, पूर्वेकडच्या गोलाची जाळी बोलते आहे. पूर्वेकडची हे मुद्दाम सांगते, कारण पश्चिमेकडे माझी जुळी बहीण टांगलेली असे, आणि तिने पाहिलेले मी पाहिले असे सांगणे मला पटत नाही. जे माझ्यासमोर घडले आणि जे माझ्याजवळ उभे राहून बोलले गेले, तेवढेच सांगेन.

माझा जन्म कारखान्यात झाला. यंत्राने पांढऱ्या दोरीला हजारो गाठी एका दमात मारल्या. मग घडी, गोणी, मालमोटार आणि महाविद्यालयाची अडगळीची खोली. मैदान सांभाळणाऱ्या काकांनी आम्हा दोघींना तेथून बाहेर काढले, झटकले आणि खांबांना बांधले. उन्हात अंग ताणले गेले तेव्हा वाटले, आता आपले भाग्य उजळले.

जाळीचा व्यवसाय जरा विचित्र आहे. सामन्याच्या एका अर्ध्यात माझ्यापुढे आपली गोलरक्षक उभी असते, दुसऱ्यात पाहुण्यांची. पहिल्या वेळी आपण रिकामे बसावे आणि दुसऱ्या वेळी श्वास घ्यायला फुरसत मिळू नये, ही प्रत्येक जाळीची इच्छा. आमच्याकडे सगळा उलटा कारभार. सलग दुसऱ्या वर्षी मुलींचा संघ साखळीत शेवटचा आला, तेव्हा सात सामन्यांत त्यांनी एकोणचाळीस गोल खाल्ले होते आणि दोन केले होते. त्या दोनांतलाही एक समोरच्या बचावपटूने चुकून आपल्याच गोलात मारलेला. प्रेक्षक म्हणाल तर काका आणि त्यांचे कुत्रे. मुलांच्या संघातले कोणी जाताजाता किती झाले म्हणून विचारी, आणि काका शांतपणे सांगत, की अजून अर्धाच सामना झालाय, आत्ताच कसं सांगू.

या गोलांनी माझी चाळण केली. दोऱ्या तुटल्या, भोके पडली, आणि ती बुजवावीत असे कोणालाही वाटले नाही. जिथे माणसांचाच धीर तुटला होता, तिथे जाळीची काय कथा!

त्या वर्षीच्या उन्हाळ्यानंतर नव्या प्रशिक्षक आल्या. ठेंगणा बांधा, डोक्यावर टोपी, आवाज बेताचा. मुली त्यांना नुसतेच ‘मॅडम’ म्हणू लागल्या. नेमणूक एका वर्षाची होती. क्रीडाप्रमुखांनी त्यांना मैदान दाखवताना माझ्याच खांबाला टेकून अट सांगितली, म्हणून ती मला शब्दशः ठाऊक आहे. साखळीत आठ संघ. जो संघ लागोपाठ तीन वर्षे शेवटचा येईल तो बाद. आणि एकदा बाद झालेला संघ महाविद्यालय पुन्हा उभा करणार नाही.

“पहिलं या म्हणत नाही मी,” ते म्हणाले. “सातवं या. तेवढं जमवा.”

मॅडमनी विचारले, मुली किती? नोंदवहीत बावीस, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी मैदानावर नऊ आल्या.

त्या नवांना वाटले होते, आता चेंडू मिळेल. मॅडम त्यांना घेऊन माझ्याकडे आल्या आणि माझी भोके मोजायला लावली. एकतीस भरली. मग त्यांनी विचारले, ही कुणाची?

सगळ्या जणी एकाच दिशेला पाहू लागल्या. गोलरक्षक मुलगी उंच आणि किडकिडीत होती. तिला सगळ्या पेन्सिल म्हणत. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, “माझी.”

“तू एकटीच खेळत होतीस का?” मॅडमनी विचारले. “बाकीच्या दहा जणी कुठे होत्या, लग्नाला गेल्या होत्या?”

मॅडमनी पिशवीतून दोरीचे रीळ आणि एक चपटी लाकडी सुई काढली. त्यांचे वडील आयुष्यभर मासेमारीची जाळी विणत आले होते; ती सुई त्यांचीच. त्या दिवसापासून मैदानावर एक नियम सुरू झाला. सामना कोठेही होवो, खाल्लेल्या प्रत्येक गोलामागे दुसऱ्या दिवशी सरावाआधी माझ्या अंगावर एक जुनी किंवा नवी फट बुजवायची. गाठ पाळीपाळीने प्रत्येकीने मारायची, आणि मारताना त्या गोलात आपण स्वतः काय करायला हवे होते ते मोठ्याने सांगायचे. दुसरीचे नाव तोंडातून निघाले, की गाठ सोडून पुन्हा बांधायची.

कुरकुर झालीच. कर्णधार मुलीला सगळ्यांना शिकवत राहण्याची खोड होती, म्हणून तिचे नाव मास्तरीण. तिने सगळ्यांच्या वतीने सांगितले, की आपण येथे फुटबॉल खेळायला आलो आहोत, विणकामाला नाही.

“मग गोल खाऊ नका,” मॅडम म्हणाल्या. “विणकाम आपोआप बंद होईल.”

पहिला सामना परगावी झाला. सहा गोल. दुसऱ्या दिवशी माझ्यापाशी ज्या सहा गाठी बसल्या, त्यांना चौदा वेळा सोडावे लागले. ‘मी परत धावले असते, पण हिने...’ की सोड. ‘मला हाकच कुणी...’ की सोड. शेवटी मास्तरीण स्वतःच वैतागून म्हणाली, “मी दमले होते आणि दमले हे सांगायची लाज वाटली.” मॅडमनी मान हलवली. ती गाठ टिकली. आजही माझ्या उजव्या खांद्यावर आहे.

त्या दिवसापासून मास्तरीण इतरांना शिकवण्याआधी त्यांना दम लागला आहे का ते विचारू लागली. बदल इतकाच, पण बचावाची रांग त्यानंतर एकदम पुढे सरकू लागली. पेन्सिलला तर कोणी दोष देईनासे झाले, त्यामुळे ती गोलरेषेला चिकटून उभी राहायची ती पाऊलभर पुढे येऊन ओरडू लागली. तिचा आवाज इतका खणखणीत असेल याची, मला वाटते, तिलाही कल्पना नव्हती. गोल सहाचे चार झाले, चाराचे तीन. चौथा सामना बरोबरीत सुटला, तेव्हा काकांनी टाळ्या वाजवल्या आणि कुत्रे दचकून पळाले. वर्गातल्या मैत्रिणी बघायला येऊ लागल्या, त्यांतल्या सहा जणी खेळायलाच राहिल्या. बदली खेळाडू म्हणून बाकावर बसायला माणसे मिळाली, हा पहिला मोठा विजय होता असे माझे मत आहे.

पाचवा सामना दोन गोलांनी हरल्यावर मॅडमचे वडील मैदान पाहायला आले. मुली त्यांना आजोबा म्हणू लागल्या. नजर अधू झालेली. पण त्यांनी माझ्यावरून बोटे फिरवली आणि एकेका गाठीशी थांबत गेले. ही रागाने मारली आहे, जरुरीपेक्षा घट्ट. ही घाबरत मारली आहे. ही छान. मुली त्यांच्या बोटांमागोमाग सरकत होत्या. डावीकडच्या बाजूला, खांबालगत, नुकत्याच मारलेल्या एका गाठीवर त्यांचे बोट थबकले.

“ही कुणाची गं?”

ती आघाडीला खेळणाऱ्या मुलीची होती. चेंडू पायात येण्याआधीच ती मारायला जाई, जेवताना तिचा घास आणि बोलताना शब्द अर्धाच राही. तिचे नावच घाई पडले होते.

“हिचा फास बसलेलाच नाही, बाळ. ओढ बसली की सुटेल. पुन्हा बांध.”

घाई म्हणाली, उद्या नक्की बांधते, आजोबा. आणि सरावाला पळाली. उद्या सहावा सामना होता. तो आम्ही जिंकलो, दोनास एक. आनंदाच्या भरात ती गाठ सगळ्यांच्याच मनातून गेली. मी मात्र विसरले नव्हते. पण जाळीला सांगता येत नाही.

शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. समोरचा संघ सातवा, आम्ही आठव्या. दोघांचे गुण सारखे, पण गोलांच्या हिशेबात त्या वरचढ. म्हणजे बरोबरी झाली तरी आम्ही शेवटच्या, आणि संघ संपला. जिंकणे हा एकच मार्ग होता. त्या दिवशी प्रेक्षक दीडशेच्या आसपास असावेत; नेमके मोजले नाहीत. क्रीडाप्रमुख हाताची घडी घालून उभे होते. सुरुवातीला पंचांनी मला ओढून पाहिले. गाठ तेवढ्यापुरती टिकली.

पूर्वार्धात गोल झाला नाही. उत्तरार्धात माझ्यापुढे पाहुण्यांची गोलरक्षक आली. सत्तराव्या मिनिटाला घाईला डावीकडे चेंडू मिळाला आणि नेहमीप्रमाणे तिने तो क्षणभर आधीच मारला. चेंडू खांबाच्या बाहेरून आला, माझ्या बाजूवर आदळला, ती गाठ सुटली आणि चेंडू फटीतून आत येऊन माझ्या पोटात पडला.

पंच होते त्या जागेवरून त्यांना दिसला तो जाळीतला चेंडू. रेषेवरचे पंच पलीकडच्या बाजूला होते. शिट्टी वाजली. गोल!

मैदानावर एकच कल्लोळ उसळला. पाहुण्यांची गोलरक्षक ओरडून सांगत होती, पण हरणारीचे कोण ऐकतो? आमच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या. घाई तेवढी हलली नाही. ती माझ्याकडे, त्या लोंबत्या दोरीकडे पाहत राहिली. मग सीमारेषेकडे धावत गेली आणि मॅडमना घेऊन परत माझ्यापाशी आली, म्हणून पुढचे मी ऐकू शकले.

“मॅडम, बाहेरून गेला. माझी गाठ सुटली.”

मॅडमनी फट पाहिली. त्यांचे वर्षभराचे कष्ट, पुढची नेमणूक, या मुलींचा संघ, सगळे त्या फटीत अडकले होते.

“मग मला कशाला सांगतेस?” त्या म्हणाल्या. “पंचांना सांग.”

घाईने सांगितले. पंच आले, त्यांनी फटीतून हात घालून पाहिला आणि गोल रद्द केला. मास्तरीण तिच्या अंगावरच धावून आली.

“वेड लागलंय का तुला? संघ बुडाला की आपला!”

“तिच्याकडे काय बघतेस, घड्याळाकडे बघ,” मॅडम म्हणाल्या. “गाठ मीही तपासली नव्हती. आता जागेवर जा.”

फट बुजल्याशिवाय खेळ सुरू करता येत नाही. मॅडमनी सुई आणली आणि घाईच्या हाती दिली. दोरी हातात राहीना. तेव्हा पाहुण्यांची गोलरक्षक हातमोजे काढून जवळ आली.

“ताणून धरू का?”

“धर.”

एकीने मला ताणून धरले आणि दुसरीने गाठ मारली. दीडशे माणसे ताटकळत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा घाईने एखादे काम सावकाश केले. ओठांतल्या ओठांत नियमाप्रमाणे आपले वाक्यही तिने म्हटले: आजोबांनी सांगितलं होतं, मी उद्यावर टाकलं. मग फास ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला आणि ती गेली.

त्यानंतरची मिनिटे भराभर संपू लागली. पलीकडे पाहुण्यांनी दोनदा चढाई केली. एवढ्या लांबून मला दिसले ते इतकेच, की पेन्सिल आडवी झेपावली आणि प्रेक्षकांचा श्वास अडकून सुटला. बहिणीने नंतर वाऱ्यावर सांगितले, की चेंडू तिच्या बोटांच्या टोकांना लागून गेला. ते मी ऐकीव म्हणूनच नोंदवते.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आम्हाला कॉर्नर मिळाला. चेंडू गर्दीत पडला, कोणाच्या तरी पाठीला लागला आणि घाईपाशी आला. मला वाटले, आता ही मारणार आणि चेंडू जाणार रस्त्यावर. तिने मारला नाही. पाय चेंडूवर ठेवला, मान वर केली आणि तो हळूच मास्तरणीकडे सरकवला. मास्तरीण मारायला गेली आणि घसरली. चेंडू तिच्या गुडघ्याला लागला आणि डुगडुगत, समोरून, दोन्ही खांबांच्या मधून माझ्याकडे आला. इतका हळू आलेला चेंडू मी कधी झेलला नव्हता. इतका जड सुद्धा नाही.

शेवटची शिट्टी वाजली तेव्हा आम्ही आठ संघांत सातव्या होतो. सातवे येऊन कोणी एवढा आनंद केल्याचे माझ्या माहितीत नाही. काका रडत होते. क्रीडाप्रमुखांनी मॅडमना विचारले, की त्या मुलीला पंचांकडे पाठवताना तुम्हाला भीती नाही का वाटली?

“फार वाटली,” मॅडम म्हणाल्या. “पण मुलींनी माझ्याकडे नंतर वर्षभर बघायचं होतं ना.”

पुढच्या वर्षी संघ चौथा आला, त्याच्या पुढच्या वर्षी दुसरा. मॅडमची नेमणूक कायम झाली. मास्तरीण आता एका शाळेत खरोखरच मास्तरीण आहे आणि मुलींचा संघ घडवते, असे ऐकते.

मी थकले. माझ्यात आता कारखान्याच्या गाठींपेक्षा मुलींनी मारलेल्या गाठी जास्त असाव्यात. गेल्या महिन्यात माझ्या जागी नवी जाळी लागली, आणि माझी घडी करून मला मैदानाच्या कडेला, भिंतीलगत ठेवले आहे. तक्रार नाही. येथून सगळे मैदान दिसते, जे आयुष्यभर दिसले नव्हते.

आज संघनिवड आहे. एकेचाळीस मुली आल्या आहेत. नवे बूट घातलेली एक मुलगी माझ्या घडीवर येऊन बसली आणि तिने शेजारणीला हळूच विचारले, “इथे सगळ्यांना घेतात का गं?”

“छे,” शेजारीण म्हणाली. “मागच्या वर्षी माझ्या बहिणीला परत पाठवलं होतं. इथे जागा मिळणं सोपं नाही.”

नऊ मुलींसाठी हाका मारत फिरणारे मैदान मी पाहिले आहे. म्हणून हे वाक्य ऐकून मला जो अभिमान वाटला, तो सांगायला माझ्यापाशी शब्द नाहीत. वाचकहो, तुम्ही कधी या बाजूला आलात, तर माझ्यासाठी थांबू नका; मैदानाकडे पाहा. त्या मुलीचे नाव पुकारले आहे. ती घाबरली आहे, पण उठली आहे. मलाही आता तिचाच खेळ बघायचा आहे, तेव्हा येथेच तुमचा निरोप घेते.