खणखणाट

त्याला सगळे खणखण्या म्हणत. तरुणपणी त्याची गिटार काचेचे मणी फरशीवर सांडावेत तशी वाजायची. आता जुना बँड पुन्हा जमला होता, जुनं गाणं नव्याने रेकॉर्ड करायचं होतं आणि सगळ्यांना तोच आवाज हवा होता.

गिटार तीच होती, ॲम्पही तोच. सूर एकसारखे उचलून धरणारं, पायाने दाबायचं एक पेडल आणि आवाजाला हलकी थरथर देणारं दुसरं, दोन्ही त्याने माळ्यावरून शोधून काढली. पण तार छेडली की आवाज गोधडीखालून आल्यासारखा यायचा. त्याने तारा बदलल्या, केबल बदलली, वरचे सूर वाढवणारं ट्रेबलचं बटण पार शेवटापर्यंत पिळलं. तरी गोधडी काही हटेना.

तेवढ्यात भाची आत आली. रेकॉर्डिंगचं सगळं तीच बघायची. दारातच तिने कानांवर हात दाबले.

"मामा, बंद कर! दात शिवशिवले माझे!"

"चेष्टा पुरे. मेलेला आवाज आहे हा."

ती हसली नाही. ॲम्पपाशी जाऊन खाली वाकली.

"ॲम्प सूं सूं करतोय, ते ऐकू येतंय तुला?"

"येतंय की," तो म्हणाला.

"मी बंद केलाय तो, मामा."

म्हणजे दोष गिटारचा नव्हता, त्याच्या कानांचा होता. तार छेडायचं पिक हातातून गळून पडलं. वरचे सूर गेले, म्हणजे त्याचं सगळंच गेलं. आणि उद्या बाकीचेही गेले तर? हिचा आवाज तरी राहील?

"कधीपासून?" तिने विचारलं.

"मला काय माहीत! जे ऐकूच येत नाही, ते गेलं हे कळणार कसं?" तो ओरडलाच.

तिने ॲम्प पुन्हा चालू केला. ट्रेबल खाली आणलं आणि पेडलची बटणं केसाकेसाने फिरवू लागली. तो वाजवत राहिला, तिच्या चेहऱ्याकडे बघत. कपाळावर आठी होती. मग ती विरली.

"हाच," ती म्हणाली. "आईच्या कॅसेटवर होता तोच."

त्याला नुसती ठकठक ऐकू येत होती. संध्याकाळी बँड जमल्यावर त्याच ठकठकीवर, घामेजल्या बोटांनी, त्याने अख्खं गाणं वाजवलं. बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या. कुणालाच काही कळलं नाही, आणि त्याला त्याचीच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी भाचीने त्याला कानाच्या दवाखान्यात नेलं. बंद खोलीत हेडफोन लावून त्याला बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. तो काचेपलीकडे तपासणी करणाऱ्या बाईंचा चेहरा वाचू लागला.

"माझ्याकडे बघून नाही चालणार," बाई आत येऊन म्हणाल्या आणि त्याची खुर्ची भिंतीकडे फिरवली.

वरचे सूर परत येणार नव्हते. बाकीचे जपले तर टिकतील, डॉक्टर म्हणाले. 'तर' या शब्दाशी तो अडकला. जिना उतरताना त्याने भाचीचा दंड घट्ट धरला.

"बोलत राहा गं," तो म्हणाला. "काहीही बोल."