दारातलं आडवं लाकूड

ओकावांगो नदीकाठच्या त्या गावात बाळंतिणीच्या दारात लाकूड आडवं टाकलं की परकं माणूस आत पाऊल टाकत नाही. तरी सफारीचा गाईड ओतेंग, गावचाच पोरगा, पाहुण्यांना घेऊन ते ओलांडायला निघाला. सेबोलाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत तिची लेक तान्ह्याला पाजत होती.

"दोनच मिनिटं, मावशी. आज हत्ती दिसले नाहीत, पाहुणे नाराज आहेत."

"म्हणून माझी लेक दाखवतोस? तू जन्मलास तेव्हा मीसुद्धा तुझ्या आईची पेज दाराबाहेर ठेवून परतले होते, मेल्या."

पाहुण्यांतल्या एका बाईनं कॅमेरा उचलला. ओतेंगनं खाल मानेनं त्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना गाडीकडे वळवलं.

"नाराज आहेत म्हणे," सेबोलाई निघालेल्या गाडीमागच्या धुळीकडे बघत पुटपुटली.